जुनी गाडी, रोजची फेरी : इंजिन ऑइल आणि फिल्टर कसं निवडायचं



आपल्या संघातल्या बऱ्याच गटांनी आता गाड्या घेतल्यात. कुणाची भाजीची पिकअप, कुणाची दुधाची, कुणाची माणसं नेणारी. केंद्राची आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना २०१७ मध्ये आली तेव्हापासून गटाची गाडी ही गोष्ट नवलाची राहिली नाही. पण नव्या गाडीचा हप्ता परवडत नाही म्हणून आपण बहुतेक जणी जुनीच घेतो. लाख-सव्वा लाख किलोमीटर पळालेली गाडी आपल्या दारात येते आणि मग रोज शंभर-दोनशे किलोमीटर आपल्यासाठी पळते. गाडीत काय भरायचं, कधी बदलायचं, हे सगळं आपण चालवणाऱ्या भावावर आणि मिस्त्रीवर सोडून देतो. पैसे मात्र आपल्या वहीतून जातात. म्हणून या अंकात इंजिन ऑइल आणि फिल्टरचा धडा.

आधी आमच्याच गटाची गोष्ट सांगते. आमची पिकअप ओतूरकडून माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात मेथी-कोथिंबीर नेते. घेतली तेव्हा रीडिंग १,४०,००० च्या पुढं होतं. गेल्या हिवाळ्यात ऑइल बदली केली आणि खर्च कमी व्हावा म्हणून ओरिजिनल फिल्टरऐवजी लोकल फिल्टर बसवायला मीच होकार दिला. तिसऱ्या दिवशी पहाटे घाटात डॅशबोर्डवर तांबडा दिवा लागला. त्याआधी आठवडाभर मी त्या भावाला रोज सांगत होते, बाजार गाठायला उशीर करू नकोस. तरी त्यानं जागच्या जागी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. खाली बघितलं तर रस्त्यावर काळ्या तेलाची धार. माल दुसऱ्या गाडीत भरेपर्यंत ऊन वर आलं, कोथिंबीर सुकली, त्या दिवशीचं भाडं गेलं आणि टोचन करून गाडी आणावी लागली. इंजिन मात्र वाचलं. तो आणखी दोन किलोमीटर ‘चहाच्या टपरीपर्यंत नेतो’ म्हणाला असता तर इंजिन सीझ झालं असतं आणि बारा जणींचा हप्ता अडकला असता.

बैठकीत सगळ्या माझ्यावर तुटून पडल्या, स्वस्त फिल्टर घेतलास म्हणून. मीही मान खाली घालून ऐकलं. पण दुसऱ्या मिस्त्रीनं फिल्टर उघडून दाखवला तेव्हा वेगळंच निघालं. जुना फिल्टर काढताना त्याचं काळं रबरी वायसर इंजिनलाच चिकटून राहिलं होतं आणि नवा फिल्टर त्याच्यावरच आवळला होता. एकावर एक दोन रबरं. गाडी उभी असताना, सावकाश चालताना ते टिकतं. पहाटे थंड इंजिनात तेल दाट असतं, दाब जास्त चढतो, मग वरचं रबर सरकतं आणि सगळं तेल बाहेर. म्हणजे चूक फिल्टरची नव्हती, बसवणाऱ्याची होती. आणि उभं राहून बघितलं नाही ही आमची.

तेव्हापासून ऑइल बदलीला आमच्यातली एक बाई गाडीबरोबर जाते. जुना फिल्टर हातात घेऊन त्याचं रबर त्याच्याबरोबर आलंय का ते बघते. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं थोडं ताजं तेल लावायचं, हातानं फिरवायचं, रबर टेकलं की साधारण पाऊण फेरा आणखी आवळायचं. पाना लावून जीव खाऊन आवळायचं नाही. मग इंजिन मिनिटभर चालू ठेवून खाली वाकून बघायचं. यात कठीण काही नाही. लोणच्याच्या बरणीचं झाकण लावण्याइतकंच आहे.

तो तांबडा दिवा

ऑइलच्या डब्याचं किंवा कुपीचं चित्र असलेला तांबडा दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब सांगतो. तेल बरंच कमी झालं तरी दाब असतो, दिवा लागत नाही. लागतो तेव्हा बहुधा शेवटची घंटा असते. म्हणून चालत्या गाडीत तो लागला की थांबायचं, ‘पुढच्या गावापर्यंत’ असं काही नाही. आणि रोज सकाळी चावी फिरवल्यावर तो लागतो का, इंजिन सुरू झाल्यावर लगेच विझतो का, हे बघायचं. चावीवर लागतच नसेल तर दिव्याचं काहीतरी बिघडलंय. काही जुन्या गाड्या विकताना दिवाच काढून टाकलेला असतो, हेही लक्षात ठेवा.

तेलाची पातळी काडीनंच कळते. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली. काडी काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा पूर्ण घालायची, काढून बघायची. दोन खुणांच्या मध्ये तेल हवं. बऱ्याच गाड्यांत खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण लिटरभर तेल लागतं. वरच्या खुणेच्या वर भरायचं नाही. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही, आत फिरणारा दांडा ते घुसळतो, ताकाला येतो तसा फेस येतो आणि फेसात वंगण राहत नाही.

कॅनवर काय वाचायचं

दुकानदार विचारतो, ‘कुठल्या कंपनीचं देऊ?’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न ग्रेडचा.

कॅनवर मोठ्या अक्षरात १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० असं काहीतरी असतं. डब्ल्यू म्हणजे थंडी. पहिला आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहतं ते सांगतो, जितका लहान तितकं सकाळी लवकर वर चढतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर, १०० अंशाला तेल किती दाट राहतं ते सांगतो. म्हणजे १५डब्ल्यू-४० पेक्षा २०डब्ल्यू-५० थंडपणीही दाट आणि तापल्यावरही दाट. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या डिझेल पिकअपला १५डब्ल्यू-४० चालतं. तरी अंदाजानं भरू नका, गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. जुन्या गाडीबरोबर पुस्तक सहसा मिळत नाही. तेव्हा आरसी बुक घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. चेसिस नंबरवरून तिथला सुट्या भागांचा काउंटर तेलाचा ग्रेड, किती लिटर लागतं आणि फिल्टरचा नंबर सांगतो. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट कॅनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असते, एपीआय म्हणून. त्यापुढं दोन इंग्रजी अक्षरं. पहिलं अक्षर सी असेल तर तेल डिझेलचं, एस असेल तर पेट्रोलचं. इंग्रजी वाचता येत नसेल तरी अडत नाही : सी म्हणजे अर्धी फुटलेली बांगडी, एस म्हणजे सापाचं वळण. डिझेलमध्ये सीएफ-४, मग सीएच-४, सीआय-४, सीके-४ असे दर्जे वाढत गेलेत, दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं तेल नवं. पुस्तकात सीएच-४ असेल आणि तुम्ही सीआय-४ घातलं तर हरकत नाही. उलटं करायचं नाही. डिझेल जळताना काजळी होते, ती तेलात तरंगत ठेवायची ताकद या नव्या दर्जात जास्त असते. जुन्या, काजळी धरलेल्या इंजिनाला याचा खरा उपयोग.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचं मात्र वेगळं. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला कमी राखेचं तेल लागतं. जुन्या गाडीचं उरलेलं तेल त्यात ओतू नका, तो फिल्टर चोंदला तर खर्च फार मोठा.

‘जुनं इंजिन आहे, जाड तेल घाल’

हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकू येतं. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते घातक. इंजिन झिजलं की भागांमधली फट वाढते, दाट तेल त्या फटीत जास्त टिकतं, धूर थोडा कमी होतो, आवाज दबतो. पण दाट तेल सकाळी सगळीकडे पोचायला वेळ लागतो आणि इंजिनाची बरीचशी झीज त्या पहिल्या काही क्षणांतच होते. टर्बो असलेल्या गाडीत तर टर्बोला तेल उशिरा मिळणं परवडत नाही. माझं मत असं : पुस्तकात जे दोन-तीन ग्रेड दिलेले असतात त्यातलाच दाट ग्रेड निवडायला हरकत नाही, पुस्तकाच्या बाहेर जाऊ नका. आणि कुणी गाडी विकायला आणली, ती अजिबात धूर देत नाही, पण काडीवरचं तेल काकवीसारखं घट्ट दिसतं, तर दोनदा विचार करा. धूर लपवायला जाड तेल घालून गाडी विकायची रीत जुनी आहे.

अमेरिकेत ७५,००० मैलांच्या, म्हणजे सुमारे १,२०,००० किलोमीटरच्या पुढच्या गाड्यांसाठी वेगळं तेल विकतात. त्यात कडक झालेली रबरी सीलं मऊ करणारे पदार्थ घातलेले असतात. पाझर असेल तर त्यानं कमी होऊ शकतो. घासलेली पिस्टन रिंग कुठल्याच तेलानं भरून येत नाही, मग कॅनवर काहीही लिहिलेलं असो.

सिंथेटिक घ्यावं का, हाही प्रश्न येतो. सिंथेटिक तेल उष्णतेत जास्त टिकतं, यात वाद नाही. पण ऑइल पिणाऱ्या गाडीत महाग तेल घालणं म्हणजे गळक्या घागरीत दूध. गाडी शंभर-दोनशे मिली खाते एवढंच असेल, सेमी-सिंथेटिक परवडत असेल तर घाला. नाहीतर बरोबर दर्जाचं साधं मिनरल तेल वेळेवर बदललेलं चांगलं. आमच्या गाडीत तेच आहे.

गाडी तेल किती पिते

हे मोजल्याशिवाय काही ठरवता येत नाही. वहीत तीन रकाने करा : तारीख, रीडिंग, किती मिली वरून घातलं. दर रविवारी काडी बघायची. महिन्याच्या बैठकीत बचतीबरोबर हाही आकडा वाचायचा. जुन्या गाडीनं थोडं तेल खाणं स्वाभाविक आहे. पण आकडा महिन्याला वाढत चालला, किंवा हजार किलोमीटरला लिटरभर तेल लागायला लागलं, तर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि अर्ध्या इंजिनाच्या कामाचे पैसे बाजूला टाकायला सुरुवात करा. सहा महिने आधी कळलं तर कर्ज न काढता काम होतं. एकदम कळलं तर सावकार.

धुराचाही रंग बघायचा. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय किंवा डिझेल जास्त जातंय, आधी एअर फिल्टर बघा. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि काडीवरचं तेल दुधाळ, चहासारखं दिसत असेल, तर रेडिएटरचं पाणी तेलात शिरलंय. मग गाडी सुरूच करायची नाही.

डिझेल गाडीत नवं तेल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, त्यानं घाबरू नका. काजळी इंजिनाला चिकटण्याऐवजी तेलात आली, म्हणजे तेल आपलं काम करतंय. रंगावरून तेल बदलायचं नाही, किलोमीटरवरून बदलायचं.

किती किलोमीटरला, हे पुस्तकात असतं. पण तो आकडा बऱ्या रस्त्यासाठी असतो. घाट, भरलेला माल, धुळीचे शिवाररस्ते, थांबत थांबत चालणं, या सगळ्याला कंपन्या स्वतःच कठीण वापर म्हणतात आणि त्यासाठी कमी अंतर देतात. आपली कुठली गाडी त्यात बसत नाही? समजा तेल, फिल्टर, मजुरी मिळून ३,००० रुपये लागतात. १०,००० किलोमीटरला बदललं तर किलोमीटरला ३० पैसे. ७,५०० ला बदललं तर ४० पैसे. फरक १० पैशांचा. डिझेल ९० रुपये लिटर आणि गाडी लिटरला १२ किलोमीटर देते असं धरलं, तर नुसत्या डिझेलचेच किलोमीटरला साडेसात रुपये होतात. साडेसात रुपयांच्या खर्चात १० पैसे वाचवून इंजिन पणाला लावायचं का, हा हिशोब तुमच्या भावाचे आकडे घालून बैठकीत मांडा.

फिल्टर, तिन्ही

ऑइल फिल्टर दर बदलीला नवा. ‘एक आड एक चालतो’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. फिल्टरच्या आत घडीचा कागद असतो आणि एक छोटी स्प्रिंगची झडप. कागद चोंदला की ती झडप उघडते आणि न गाळलेलं तेल तसंच इंजिनात जातं. गाडी चालत राहते, म्हणून कुणाला काही कळत नाही. आत मात्र कचरा घासत असतो. बऱ्याच फिल्टरमध्ये आणखी एक रबरी पडदा असतो, गाडी उभी असताना तेल खाली उतरू नये म्हणून. लोकल फिल्टरमध्ये तो बहुधा हलका असतो. सकाळी सुरू केल्यावर तांबडा दिवा दोन-तीन सेकंद रेंगाळतो, खडखड आवाज येतो, मग शांत होतं, असं नव्या फिल्टरनंतर सुरू झालं तर फिल्टरवर संशय घ्या. आमच्या घाटातल्या प्रसंगात लोकल फिल्टर निर्दोष सुटला हे खरं, तरी आता आम्ही कंपनीच्या नंबरचाच घेतो.

एअर फिल्टरकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि आपल्या भागात तोच सगळ्यात महत्त्वाचा. धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती आत गेली की सिलिंडर आणि रिंगा खाते, मग कितीही भारी तेल घाला. कागदी फिल्टर पाण्यानं धुवायचा नाही, त्याला तेल लावायचं नाही, दगडावर आपटायचा नाही. हवा मारायची तर कमी दाबानं, आतून बाहेर. उन्हात धरून आतून बघा, कुठं भोक किंवा फाटलेली घडी दिसली तर फेका. काढघाल करताना डब्याचं झाकण नीट बसलं का, क्लिपा लागल्या का, पाइपला चीर नाही ना, हे बघा. फिल्टर नवाकोरा आणि पाइप फाटका असेल तर धूळ फिल्टरच्या मागच्या दारानं आत जाते.

डिझेल फिल्टरच्या खाली बऱ्याच गाड्यांत पाणी काढायचा स्क्रू असतो. पावसाळ्यात त्यातून अधूनमधून पाणी सोडा. पाणी इंजेक्टरपर्यंत गेलं तर दुरुस्ती ऑइलच्या कितीतरी पट महाग.

नकली माल आणि जुनं तेल

बॅरलमधलं सुटं तेल घेऊ नका. स्वस्त असतं, पण आत काय आहे ते बघायला आपल्याकडे काही साधन नाही. सीलबंद कॅन, छापलेली किंमत, बॅच नंबर, तारीख, आणि पक्कं बिल. एकाच ग्रेडचं तेल लागणारे दोन-तीन गट जवळ असतील तर मिळून २० लिटरची सीलबंद बादली घेतलेली स्वस्त पडते. उघडल्यावर झाकण घट्ट लावून धुळीपासून लांब ठेवा. आणि गॅरेजात रिकामा कॅन तसाच सोडून येऊ नका, समोर कापून टाका. त्याच कॅनमध्ये पुन्हा तेल भरून विकणारे आहेत.

काढलेलं काळं तेल आपल्याकडे फुकट जात नाही. कुणी वाळवीसाठी मेढीला लावतं, कुणी गोचिडांसाठी म्हशीच्या अंगाला. म्हशीला लावू नका. वापरलेल्या तेलात जळण्यातून आलेली विषारी द्रव्यं असतात, ती कातडीतून अंगात जातात आणि त्यानं कर्करोगाचा धोका असतो. जनावर ते चाटतं, आपण त्याच हातानं धार काढतो. ओढ्यात, विहिरीजवळ ओतायचं नाही, चुलीत घालायचं नाही. सरकारी नियमानं ते घातक कचऱ्यात धरलं जातं आणि परवाना असलेल्या गोळा करणाऱ्याकडेच जायला हवं. मोठ्या सर्व्हिस सेंटरवर त्याची सोय असते, जुन्या कॅनमध्ये भरून तिथं द्या.

स्कूटीवाल्यांसाठी

बँक सखी, पशुसखी यांच्या स्कूट्या रोज पन्नास-साठ किलोमीटर पळतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. दुचाकीच्या कॅनवर एपीआयशिवाय जासो असं लिहिलेलं असतं. गिअरच्या मोटरसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो, तिला एमए किंवा एमए-२ लागतं. गिअर नसलेल्या स्कूटीला एमबी चालतं. नवऱ्याच्या मोटरसायकलला तुमच्या स्कूटीचं उरलेलं एमबी तेल घातलं तर क्लच घसरेल, भांडण तुमच्यावर येईल. स्कूटीत तेल लिटरभरापेक्षाही कमी असतं, त्यामुळे पाव लिटर कमी झालं तरी फार झालं. दर पंधरा दिवसांनी काडी बघा. मागच्या चाकाजवळ गिअर ऑइल वेगळं असतं, ते बदलायचं मिस्त्रीला आठवण करून द्यावी लागते.

पुढच्या मासिक बैठकीला गाडी असलेल्या गटांनी गाडीची वही आणावी. ज्यांच्याकडे वही नाही त्यांनी निदान आजचं रीडिंग आणि काडीवरची पातळी एका कागदावर लिहून आणावी, रकाने तिथं बसून आखू.